अभिजात ग्रंथ म्हणजे काय? : धवलेच्या निमित्ताने

पाश्चात्य विद्यापीठांत 'क्लासिक्स' म्हणजे ग्रीक व लॅटिन वाङ्मयाचे अध्ययन, हा अर्थ फार पूर्वीपासून रूढ आहे. मूळ लॅटिन शब्द रोमच्या नागरिकांतील वरच्या वर्गाचा वाचक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसच्या ग्रंथात तो लेखकाला लावलेला आढळतो. आपला 'अभिजात' हा शब्दही कुलीनतेचाच. त्यामुळे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीसमवेत प्राकृतालाही अभिजात दर्जा दिला, तेव्हा थोडी मौज वाटली. प्राकृत ही तर लोकांची वाणी. भगवान महावीरांचा उपदेश अर्धमागधीत झाला तो सर्वांना कळावा म्हणून.

मग ग्रंथाला अभिजातता येते कशाने? केवळ प्राचीनतेने खास नव्हे. आचार्य पुष्पदंत व भूतबली यांच्या षट्खंडागमावर आचार्य वीरसेनांनी रचलेली 'धवला' टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत जपली गेली. यात्रेकरू दर्शन घेत, मस्तक टेकवीत, वाचणारा विरळाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नाने नकला होऊ लागल्या. प्रत बाहेर जाऊ द्यावयाची नाही, असा तेथील निर्बंध होता. तरीही एक नक्कल गुप्तपणे तयार होऊन बाहेर आली. अचौर्यव्रताच्या दृष्टीने याचा निर्णय पंडितांनी करावा. प्रस्तुत लेखकाला त्या नकलाकाराविषयी कृतज्ञताच वाटते.

त्या परंपरेतील प्रतींवरून अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये पहिला भाग हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. पुढे सुमारे वीस वर्षांत सोळा भाग निघाले. सिद्धांतग्रंथ वाचण्याचा गृहस्थांना अधिकारच नाही, असा आक्षेपही त्या काळी घेतला गेला!

या अध्ययनाचे मर्म एका शब्दात पाहावयास मिळते. पहिल्या भागातील त्र्याण्णवावे सूत्र मनुष्यिणीच्या गुणस्थानांविषयी आहे. उपलब्ध नकलांत तेथे 'संजद' म्हणजे 'संयत' हे पद नव्हते. परंतु टीकेचा ओघ पाहता ते असलेच पाहिजे, असे संपादकांना जाणवले. त्यांनी मूळ पाठात ते घुसडले नाही. तळटीपेत आपला तर्क तेवढा नोंदविला. स्त्रीच्या संयमाशी व मुक्तीशी निगडित असे हे पद असल्याने समाजात मोठे वादळ उठले. हे पद नसावेच, असे मानणारे विद्वानही थोडे नव्हते.

पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी पाठ ताडून पाहण्यात आला. 'संजद' हे पद तेथे होते.