केसरबाईंचा सूर आणि माडीवरची ट्यूबलाइट

माडीवरच्या ट्रंकेत बाबांच्या जुन्या तबकड्या होत्या. केसरबाईंची ७८ची एक हाताला लागली, आणि त्या भरात मी एक स्वस्तातला टर्नटेबल घेऊन आलो. लावला. केसरबाईंना प्रत्यक्ष ऐकलेल्या आमच्या आत्तेने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "अरे, ही केसरबाई नव्हे! एवढा बारीक आवाज कुठे होता तिचा?"

मला वाटलं, वयामुळे तिचे कान गेले. पण तसं नव्हतं.

७८ फेरे हा आकडा साधारण १९२५नंतर, विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर, स्थिरावला. त्याआधी कंपन्या आपापल्या गतीने मुद्रण करीत. गती सहा टक्क्यांनी वाढली की काळी चार ऐवजी पांढरी पाच नव्हे, उलट पांढरी पाचचं गाणं काळी चारात जातं! माझा टर्नटेबल मिनिटाला ८२च्या वर फिरत होता.

दुसरा घोटाळा सुईचा. एलपी १९४८ची, तिची खाच बारीक. सुईचं टोक ०.७ मिल, म्हणजे इंचाच्या हजारांश भागाचं पाऊण. ७८ला ३ मिलची सुई लागते. एलपीची सुई ७८च्या खाचेच्या तळाला जाऊन नुसता कचरा ऐकवते. लाखेच्या त्या तबकडीत दगडाची पूडही मिसळलेली असे, पोलादी सुई झिजून खाचेत बसावी म्हणून. म्हणून तर दर बाजूला नवी सुई!

असो. सुई बदलली. आमच्या उतरत्या जमिनीवर टेबलाखाली पुठ्ठे सरकवून पातळी साधली. हात आधी अधांतरी तोलला, मग कार्ट्रिजला सांगितलेलं वजन दिलं. राहिली गती. त्यासाठी ७७ रेघांची कागदी चकती लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तेव्हा जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, तबकडी ७७.९च्या गतीला आली की रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. एलईडीखाली बहुधा जमत नाही. मोटारीतला स्क्रू फिरवत राहिलो.

गंमत म्हणजे हीच चिंता १९७७ साली नासालाही होती. केरीच्या (फोंडा) केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', व्हॉयेजरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत आहे. सोबत सुई, कार्ट्रिज, आणि वेष्टनावर गतीचं चित्र: एका फेऱ्याला ३.६ सेकंद, मोजमाप हायड्रोजनच्या अणूच्या कालमापाने. तिथे कुठली ट्यूबलाइट! व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

रेघा थांबल्यावर आत्तेला पुन्हा बोलावलं. तिने खुर्ची जवळ ओढली, डोळे मिटले. बाजू संपली तरी काही बोलली नाही. मग म्हणाली, "दुसरी बाजू लाव."