सौंदर्याचें माप

बीड जिल्ह्यांतील कपिलधार येथें वीरशैव संतकवि मन्मथ स्वामी यांची समाधि आहे. मन्मथ हें मदनाचें नांव. आणि शंकराच्या क्रोधाग्नींत मदनाचें भस्म झालें, असें पुराणें सांगतात. कार्तिकी पौर्णिमेस येथें जमणारे भाविक कपाळीं लावतात तेंहि भस्मच! या भूषणास गोरें-काळें, स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाहीं.

रूपाचीं इतर मापें मात्र देशोदेशीं व काळोकाळीं पालटतात. कोरियाचा इतिहास पाहा. तेथील सिल्ला राज्यांत रूपवान तरुण निवडून, त्यांस नटवून 'ह्वारांग' म्हणून गौरवीत, असें ११४५ सालचा 'सामगुक सागी' हा इतिहासग्रंथ सांगतो. पुढें जोसन राजवटींत थोरामोठ्यांच्या स्त्रियांस जड गंगावनांचा सोस लागला. ती उधळपट्टी पाहून राजा येओंगजो यानें १७५६ सालीं त्यांवर बंदी घातली. चित्रकार शिन युन-बोक याची प्रसिद्ध सुंदरी गोल मुखाची व बारीक डोळ्यांची आहे. आज त्याच देशांत कित्येक तरुणी मोठे डोळे व निमुळती हनुवटी यांसाठीं शस्त्रक्रिया करवितात.

आणि आमच्याकडे? वधू पाहावयास गेलेल्या मंडळींची पहिली नजर अजून पुष्कळदां वर्णावरच जाते. विठोबाचें सांवळें रूप आम्ही डोळे भरून पाहतों. तोच वर्ण घरच्या मुलीच्या ठिकाणीं मात्र आम्हांस उणेपणा वाटतो. दोन-अडीच शतकांत पालटणाऱ्या मापानें मुलीची किंमत करणें हा अन्याय नव्हे काय? कपिलधारेस भस्माची चिमूट कपाळीं लावतांना तरी आम्हीं हें स्मरावें.