चरी (अलिबाग)

चरी हे महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यामधील एक लहान गाव आहे. शेजारच्या कोपर या गावासह त्याचा उल्लेख बहुधा 'चरी-कोपर' असा जोडीने केला जातो. भातशेती आणि मासेमारी यांवर जगणारे हे गाव इ.स. १९३३ ते १९३९ या काळात झालेल्या शेतकऱ्यांच्या प्रदीर्घ संपामुळे इतिहासात ओळखले जाते.

भौगोलिक स्थान

चरी हे अलिबाग तालुक्याच्या पूर्वेकडील खारेपाटात वसलेले आहे. पोयनाड ही जवळची बाजारपेठ होय. सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी नागोठण्यावरून वाहत येऊन पुढे धरमतरच्या खाडीत रूपांतरित होते. या खाडीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील सखल जमीन बांध घालून समुद्रापासून सोडवून घेतलेली आहे. तिलाच 'खारेपाट' म्हणतात.

पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्याचे वार्षिक प्रमाण सर्वसाधारणपणे दोन हजार मिलिमीटरहून अधिक असते. या पावसानेच जमिनीतील क्षार धुऊन निघतात व भाताची लावणी शक्य होते. उन्हाळ्यात मात्र खारेपाटात पिण्याच्या पाण्याची टंचाई जाणवते.

शेती

खारेपाटातील शेती बांधावर अवलंबून असते. खाडीच्या बाजूस मातीचा भक्कम बांध असतो. शेतातील पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडण्यासाठी आणि भरतीचे पाणी आत येऊ न देण्यासाठी त्यात उघाडी बसविलेली असते. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली आणि ती लगेच बुजवली नाही, तर खारे पाणी शेतात पसरते व पुढील काही वर्षांचे पीक धोक्यात येते. ओसाड पडलेल्या खारजमिनीत तिवरांची झाडे उगवतात. बांधाची डागडुजी एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नसल्याने ती सामूहिक श्रमानेच होत असे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा यांमुळे ही जबाबदारी मोठ्या प्रमाणात शासनाकडे गेली.

काळा राता, भुरा राता ही क्षार सहन करणारी भाताची जुनी वाणे कोकणात प्रसिद्ध आहेत. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने विकसित केलेली 'पनवेल' मालिकेतील वाणेही लावली जातात. अलिबागच्या खारेपाटातील शेततळ्यांमध्ये वाढविला जाणारा जिताडा हा मासा विशेष चविष्ट मानला जातो.

इतिहास

अलिबागचा परिसर आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात होता. हे संस्थान इ.स. १८४० मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले. पुढे १८६९ साली कुलाबा जिल्हा स्थापन झाला. १ जानेवारी १९८१ पासून त्यास 'रायगड' हे नाव आहे.

खोती पद्धतीत खोत हा सरकार व रयत यांच्यामधील मध्यस्थ होता. तो सारा भरी आणि त्याच्या कितीतरी पट धान्य कुळांकडून वसूल करी. खारेपाटातील कुळे प्रामुख्याने आगरी समाजाची होती. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेल्या एक खंडी भाताच्या बदल्यात सुगीला दीड खंडी भात परत द्यावे लागे. वेठ करावी लागे. कुळाने लावलेल्या फळझाडांवरही खोत हक्क सांगे. बांध सांभाळणारे हात कुळांचे, तर पिकावरील पहिला अधिकार खोताचा, हीच तक्रारीची मुळाशी असलेली बाब होती.

शेतकऱ्यांचा संप

नारायण नागू पाटील यांनी कुळांना संघटित करण्याचे काम इ.स. १९२७ च्या सुमारास कोकण प्रांत शेतकरी संघाद्वारे सुरू केले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे एक संयोजक अनंतराव चित्रे हे त्यांचे सहकारी होते. डिसेंबर १९३० मध्ये पेण येथे कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे झालेल्या सभेत खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेण्यात आला. परिसरातील २५ गावे त्यात सहभागी झाली. संपाचे हे साधन दुधारी होते. जमीन पडीक ठेवल्याने खोताचे उत्पन्न बुडाले, परंतु कुळाच्या घरातील चूलही त्याच भातावर पेटत होती. डोंगरातील लाकूडफाटा विकून, मासळी धरून आणि मिळेल ती मजुरी करून कुटुंबांनी दिवस काढले. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथात आढळत नाहीत.

१६ डिसेंबर १९३४ रोजी चरी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली शेतकरी परिषद झाली. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याविषयीचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. शेतकऱ्यांची बाजू मांडण्यासाठी १९३७ मध्ये 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू करण्यात आले.

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातील महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि १९३९ मध्ये संप संपुष्टात आला. त्याच वर्षीच्या मुंबई कूळ कायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास संरक्षित कूळ मानले. हा कायदा मर्यादित होता, कारण त्याने कुळास संरक्षण दिले, मालकी दिली नाही. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला व कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. म्हणजे संपाचा पहिला दिवस आणि मालकीहक्क यांत २३ वर्षांहून अधिक काळ लोटला.

शेतकरी कामगार पक्षाला अलिबाग व पेण भागात पुढे दीर्घकाळ जो जनाधार मिळाला, त्याची पाळेमुळे या संपात आहेत. दरवर्षी २७ ऑक्टोबरला संपाचे स्मरण केले जाते.

दळणवळण

वडखळ–अलिबाग राष्ट्रीय महामार्ग क्र. १६६अ या परिसरातून जातो. पेण हे सोयीचे रेल्वेस्थानक असून पेणच्या रामवाडी बसस्थानकावरून वडखळमार्गे पोयनाडकडे जाता येते.