ऐकलेली इंग्रजी आणि वाचलेली इंग्रजी

संध्याकाळच्या एका अभ्यासवर्गात उद्यमनगरातल्या एका तरुण टर्नरने आम्हाला विचारले, "अण्णा, इंग्रजी पुस्तक वाचलं की अर्थ लागतोय. अर्जबी लिहितोय. पर सायब फोनवर बोलाय लागला की एक शब्द वळखू येत न्हाई. माझं चुकतंय कुठं?" वर्गातले दोघेतिघे हसले. तो ओशाळला आणि पुढे महिनाभर त्याने प्रश्नच विचारला नाही. त्याचा प्रश्न मात्र आमच्या मनातून जाईना. कारण आम्हीही इंग्रजी शिकलो ती शाळेबाहेर, कोश पुढ्यात घेऊन; आणि हीच अडचण आम्हालाही आली होती. तिचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात सापडले नाही, ते इतिहासात सापडले. तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

इंग्रजी भाषा आपल्या देशात दोन दरवाजांनी आली. पहिला दरवाजा कानाचा. पलटणीतले शिपाई, खानसामे, हमाल, पुढे रेल्वेचे आणि गिरणीचे कामगार यांनी इंग्रजी वाचली नाही, नुसती ऐकली. पहारेकरी अंधारात ओरडे, "हू कम्स देअर?" आपल्या शिपायांनी हे तीन शब्द वेगळे ऐकलेच नाहीत, कारण बोलणाऱ्याने ते वेगळे उच्चारलेच नव्हते. त्यांच्या कानी पडले ते 'हुकुमदार'. सुशिक्षितांनी या शब्दाची थट्टा केली. पण नीट पाहिले तर शिपायाचा कान खोटा नव्हता. तीन शब्दांचा एकच ओघ झाला होता, तो त्याने जसाच्या तसा पकडला आणि त्याला आपल्या ओळखीच्या 'हुकूम' शब्दाचा पोशाख चढवला.

'लॉर्ड'चा 'लाट' झाला, त्यात र नाही. इंग्लंडच्या दक्षिण भागात स्वरानंतरचा र बोलण्यातून गळत गेला होता. लिहिण्यात मात्र तो राहिला. उलट 'गार्ड'चा 'गारद' झाला, त्यात र शाबूत आहे. स्कॉटलंड व आयर्लंडचे लोक हा र आजही स्पष्ट उच्चारतात, आणि कंपनीच्या फौजेत अशा लोकांचा भरणा मोठा होता. तेव्हा साहेबाची इंग्रजीही एक नव्हती, हे ध्यानात ठेवावे. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली, तिच्याबरोबर ठेसन आणि शिंगल आले. 1906 साली शाहू महाराजांनी कापडाच्या गिरणीचा पाया घातला, आणि कारखान्यातली इंग्रजी कोल्हापूरच्या बोलीत मिसळू लागली. यांपैकी कोणताही शब्द कुणी पाटीवर लिहून शिकवला नाही.

दुसरा दरवाजा डोळ्यांचा. 1835 साली मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. 1847 साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश छापून निघाला. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकल्या. न्यायमूर्ती रानड्यांचे बाळपणीचे शिक्षण याच कोल्हापुरात झाले. 1880 साली येथे राजाराम कॉलेज निघाले. या शिक्षणाने थोर माणसे घडली, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु त्याची रीत स्पेलिंग घोकण्याची आणि भाषांतराची होती. कचेरीला कागद वाचणारा आणि मसुदा लिहिणारा माणूस हवा होता. तो इंग्रजाशी बरोबरीने बोलेल, ही अपेक्षा नव्हती. म्हणून 'वेन्झ्डे' ऐकल्यावाचून पिढ्या 'वेड्-नेस्-डे' पाठ करीत राहिल्या.

दोन्ही दरवाजे उघडे होते ते फार थोड्यांना. शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले आणि नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली. इंग्रजी रोज ऐकावी, बोलावी आणि वाचावीही, अशी ती सोय होती. कारकुनाला डोळा मिळाला, हमालाला कान मिळाला. दोन्ही मिळायला राजपुत्र व्हावे लागत होते.

आता त्या टर्नरच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे चुकते काय? आपल्याकडे वेदपठणात दोन पाठ आहेत. पदपाठात प्रत्येक शब्द सुटा म्हणतात. संहितापाठात शब्द एकमेकांना जोडून, संधी करून म्हणतात. आपल्या शाळांनी इंग्रजीचा पदपाठ शिकवला. साहेब बोलतो तो संहितापाठ. आजचे पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञसुद्धा शब्दांच्या सांध्यावर होणाऱ्या या बदलाला आपलाच 'संधी' हा शब्द वापरतात. ज्या देशाने जगाला हा शब्द दिला, त्या देशात इंग्रजी शिकवताना मात्र संधी शिकवायची राहून गेली.

शब्द जोडण्याखेरीज इंग्रजीत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आघात. मराठीत आपण वाक्यातली बहुतेक अक्षरे सारख्या वजनाने टाकतो. इंग्रजीत काही अक्षरांवर जोर देतात आणि मधली अक्षरे चेपून टाकतात. 'ब्रेड अँड बटर' यातला 'अँड' बोलताना नुसता 'न' उरतो. 'आय कॅन डू इट' यातला 'कॅन' हलका होऊन 'कन्' होतो, सगळा जोर 'डू'वर पडतो. आपला मुलगा मात्र पुस्तकातल्याप्रमाणे 'कॅन' ठासून म्हणतो. अमेरिकन बोलीत 'कॅन्ट'मधला शेवटचा ट पुष्कळदा ऐकूच येत नाही, आणि तो शब्द ठासूनच म्हणतात. म्हणजे मुलगा सांगतो, मला हे काम येते. ऐकणाऱ्याला वाटते, येत नाही! फोनवरच्या मुलाखतीत एवढ्याने भाकरी जाऊ शकते.

मग स्पेलिंग इतके वेगळे का? कॅक्स्टनने 1476 साली इंग्लंडात छापखाना काढला. छपाईने हळूहळू शब्दांचे लेखन पक्के होत गेले, पण त्याच काळात आणि पुढे दोनेक शतके इंग्रजीचे दीर्घ स्वर बदलत राहिले. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीचा क एके काळी उच्चारत असत. उच्चार गेला, अक्षर राहिले. ज्या लिपीत जुने उच्चार असे गोठून राहिले आहेत, तिच्यावरून आजचा उच्चार ओळखता आला नाही, तर तो विद्यार्थ्याचा दोष कसा?

आणि आपण तरी लिहितो तसे बोलतो काय? 'जरा थांब' यातला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' लिहिताना एकच, उच्चाराला वेगळी. परका माणूस हे पुस्तकातून कसे ओळखणार? 'काय करायला लागला आहेस' हे वाक्य आपल्या पेठांतून 'काय करालायस' असे एका दमात निघते. पुण्याचा पाहुणा गोंधळतो, तेव्हा आपण त्याला अडाणी म्हणत नाही.

भाषेच्या उच्चारावरून माणसाची किंमत करण्याचा रोग विलायतेतही आहेच. बर्नार्ड शॉने 'पिग्मॅलियन' नाटक त्यावरच रचले. ते 1913 साली प्रथम रंगभूमीवर आले आणि पु. ल. देशपांड्यांनी त्याची 'ती फुलराणी' केली. आपल्याकडे हा रोग दुप्पट आहे. गावंढळ मराठी बोलला म्हणून एकदा हसतात, पुस्तकी इंग्रजी बोलला म्हणून दुसऱ्यांदा. हसण्याचा परिणाम असा, की शिकणारा विचारणेच सोडतो. चौकशीच्या खोलीत न समजलेल्या प्रश्नाला 'यस सर' म्हणून गप्प बसलेले कामगार आम्ही पाहिले आहेत. त्या एका 'यस सर'ने नोकरीवर गदा आलेली पाहिली आहे.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, ते इंग्रजीत; आणि त्यात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या पुण्याईने अक्षर घरोघर पोचले. कान शिकवण्याचे काम अजून बाकी आहे. त्याला खर्च फार नाही. शिक्षकाने आणि अभ्यासवर्ग चालवणाऱ्याने रोज चार वाक्ये जोडून, बोलतात तशी म्हणून दाखवावीत. मुलांनी पुस्तक मिटून ती ऐकावीत, आणि मग उघडून पाहावीत.

तो टर्नर महिन्याने पुन्हा बोलू लागला. आम्ही त्याला 'हुकुमदार'ची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तोही हसला. मग त्याने वही काढली आणि विचारले, "अण्णा, मग 'व्हॉट आर यू डूइंग' हे कसं म्हणायचं?"