बांगला देश : जलवायुमान-बदलाचे परिणाम

गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात वसलेला बांगला देश हा जलवायुमान-बदलाची झळ विशेषत्वाने लागलेल्या देशांपैकी एक होय. बंगालच्या उपसागराचा नरसाळ्यासारखा आकार, उथळ किनारा व सखल भूमी यांमुळे चक्रीवादळाबरोबर येणारी सागरी लाट येथे दूरवर आत शिरते. वादळे या भूमीला नवीन नाहीत. मात्र समुद्राची पातळी उंचावत गेल्याने त्यांचा धोका वाढला आहे.

१९६० नंतर तत्कालीन पूर्व पाकिस्तानात खारे पाणी अडविण्यासाठी किनारी भूभागांभोवती मातीचे बांध घालण्यात आले. अशा वेढबंद भूभागांस पोल्डर म्हणतात. त्यांमुळे भातशेती वाढली. परंतु भरतीबरोबर येणारा गाळ शेतांत पसरेनासा झाला. तो नदीपात्रांत साचून पात्रे उथळ झाली आणि बांधांआडची जमीन खचत गेली.

१२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात ३ ते ५ लाख लोक मृत्युमुखी पडले असावेत. मदतकार्यातील दिरंगाईमुळे पाकिस्तानच्या केंद्र शासनाविरुद्धचा असंतोष तीव्र झाला व १९७१ मध्ये बांगला देश स्वतंत्र झाला. एप्रिल १९९१ च्या वादळात सु. १ लाख ३८ हजार माणसे दगावली. पुढे पूर्वसूचना, स्वयंसेवक व निवारागृहे यांची व्यवस्था विस्तारल्याने २००७ च्या ‘सिद्र’ या प्रचंड वादळातील अधिकृत मृत्युसंख्या सु. ३,४०० एवढीच राहिली.

प्राण वाचले, तरी उपजीविकेचा प्रश्न सुटला नाही. मे २००९ मधील ‘आयला’ वादळात बांध फुटले व खुलना जिल्ह्यातील ३२ क्रमांकाच्या पोल्डरमध्ये भरतीचे पाणी सु. दोन वर्षे ये-जा करीत राहिले. तेथील जमीन शेजारच्या सुंदरबनापेक्षा १ ते १·५ मी. खाली गेल्याचे नंतरच्या पाहणीत आढळले. १९०१ ते २०१८ या काळात जागतिक समुद्रपातळी सरासरी सु. २० सेंमी. वाढली, हे लक्षात घेता स्थानिक कारणांचे महत्त्व स्पष्ट होते. त्याच पुराने मात्र पोल्डरमध्ये गाळाचा जाड थरही आणून टाकला.

डाकातिया बिलातील रहिवाशांनी १९९० मध्येच साचलेल्या पाण्याला वाट करून देण्यासाठी स्वतः बांध कापले होते. भरतीला ठरावीक काळ आत घेऊन जमीन उंचावण्याची पद्धत पुढे शासनानेही स्वीकारली. तीत शेतकऱ्याला काही वर्षे पिकावर पाणी सोडावे लागते. त्याची भरपाई कोणी करावी, हा वादाचा विषय राहिला आहे. दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीहून पुष्कळच कमी असलेल्या या देशाचा जगापुढील प्रश्नही तोच आहे.