आधी नोंद, मग पैसे

लातूरच्या अडतीवर सोयाबीनच्या हिशोबपट्टीत चूक निघाली, तर आपण अडत्याकडे जातो आणि ती दुरुस्त करून घेतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र लिहिलं तेच चालतं.

ही कल्पना निक साबो यांनी १९९०च्या दशकात मांडली. २०१५मध्ये इथेरियममुळे ती हाती आली. पुढच्याच वर्षी ‘द डाओ’मधून सुमारे ३६ लाख इथर काढले गेले. चूक एवढीच, की कोड आधी पैसे देत होता आणि शिल्लक नंतर कमी करत होता. ती निस्तरताना इथेरियमची साखळीच दुभंगली.

म्हणून नांदेड-लातूरच्या आपल्या मुलांनी रिमिक्सपासून सुरुवात करावी. ब्राउझरमध्येच सॉलिडिटी लिहायची, खोट्या इथरवर चालवायची. चुकायचं ते तिथेच चुकून घ्यावं.