नागलीच्या मोडाची कुळकथा

साध्या नागलीच्या पिठाची पेज शिजताना घट्ट होते. मोड आणलेल्या नागलीची पेज तेवढ्याच पाण्यात पातळ राहते, किंचित गोड लागते. पेठ तालुक्यातल्या डोंगरउतारांवर, राबात, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या वाफ्यात, वाढवलेल्या रोपांपासून घेतलेल्या या पिकाच्या दाण्यात हा बदल अमायलेज नावाचे विकर घडवते. दाणा भिजला की कोंब जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो, सालीखालचा थर अमायलेज बनवतो आणि पिष्टाच्या लांब साखळ्या तुटू लागतात.

पिष्टाची साखर होते हे सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहॉफ यांनी 1811 साली दाखवले, पण त्यासाठी पिष्ट गंधकाम्लाच्या पाण्यात उकळावे लागे. पॅरिसमध्ये पायेन आणि पर्सो यांनी 1833 मध्ये मोड आलेल्या सातूच्या अर्कात अल्कोहोल घालून एक पांढरा पदार्थ वेगळा केला. तेच काम तो आम्लाशिवाय, ऊन पाण्यात करी. उकळल्यावर मात्र निकामी होई. त्याला, म्हणजे आजच्या अमायलेजला, त्यांनी डायास्टेज म्हटले. मोडाची नागली वाळवून मंद आचेवरच भाजावी लागते, तीही याच कारणाने. अशा विकरांना ‘एंझाइम’ हे नाव क्यूने यांनी 1876 मध्ये दिले.

एकाच क्रियेला आम्लासोबत उकळी लागते, मग विकरासोबत का लागत नाही? उत्तराची दिशा आऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये दाखवली. रेणूंना आधी सक्रियण ऊर्जेचा चढ चढावा लागतो. नाशिकहून पेठला जाताना सावळ घाटाऐवजी बुटकी खिंड सापडावी, तसा विकर कमी चढाचा मार्ग देते. दोन्ही टोकांची उंची मात्र तीच राहते. म्हणून विकराने क्रियेचा वेग वाढतो, तिचा समतोल बदलत नाही. 25 अंश सेल्सिअसला हा चढ मोलमागे 5.7 किलोज्यूलने उतरला की वेग दसपट होतो, 34 किलोज्यूलने उतरला की दहा लाख पट. उतार थोडा, परिणाम अफाट: विकरांचे सारे सामर्थ्य या गणितात आहे.

अमायलेजच्या खाचेत पिष्टाची साखळी बसते तेव्हा तुटायच्या जागची कडी ताणली जाते. खाचेतला एक आम्लगट दुव्यातल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतो, दुसरा मोकळ्या होणाऱ्या कार्बनला धरतो. तुटण्याच्या ऐन क्षणाची ही अवघड रचना विकर सर्वांत घट्ट धरून ठेवते, म्हणून ती गाठायला ऊर्जा कमी लागते; हा विचार पॉलिंग यांनी 1946 मध्ये मांडला. त्याआधी, 1926 मध्ये, सम्नर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असल्याचे दाखवले होते. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, खाच मोडते आणि विकराचे काम थांबते.